बंदरे बुजली, खाडी उरली

कल्याणच्या नावापुढे आज 'जंक्शन' हा शब्द इतका सहज लागतो की एके काळी तेथे 'बंदर' हा शब्द शोभत होता, हे सांगितल्यावर तरुण मंडळींना ती दंतकथा वाटते. परंतु पुरावा भक्कम आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या पुस्तिकेत कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो, आणि तो मोठा उद्बोधक आहे. पूर्वी येथे रीतसर व्यापार चाले; पुढे सत्ता बदलली, बंदराची कोंडी करण्यात आली आणि येथे चुकूनमाकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो लिहितो. बंदर गाळाने बुजण्याआधी राजकारणाने बुजते, हा धडा दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदला गेला आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे व्यापारी भेटतात. सहाव्या शतकातला कॉस्मस हा प्रवासी कल्याणला मोठ्या बाजारपेठांत गणतो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली तेव्हा मराठ्यांच्या आरमाराचा पहिला विचार याच खाडीच्या काठी रुजला. दुर्गाडीच्या टेकडीवर उभे राहून खाली पाहिले की जागेची निवड किती नेमकी होती, ते नकाशावाचून समजते.

या पाण्याचा भूगोल पुष्कळांना ठाऊक नसतो. लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरातून निघालेली उल्हास कर्जत, बदलापूर करीत कल्याणला येते, तेथे काळूचे पाणी तिला मिळते आणि नदीची हळूहळू खाडी होते. पुढे डोंबिवलीचे मोठागाव, मग पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी मुंब्र्याचे रेतीबंदर, आणि ठाण्याच्या ईशान्येला तिचे दोन फाटे. मोठा फाटा घोडबंदरवरून वसईला समुद्रास मिळतो. धाकटा, अरुंद आणि खडकाळ फाटा कळव्याच्या पुलाखालून ठाणे खाडीत उतरून मुंबई बंदराकडे जातो. साष्टी हे बेट आहे ते या दोन फाट्यांमुळेच. ठाण्याच्या कोपऱ्यावरून रोज कामाला जाणारे लाखो लोक एका बेटावर चढतात आणि संध्याकाळी उतरतात. पण बेटावर चढल्या-उतरल्याची जाणीव पुलाचा खडखडाट ऐकूनही कोणाला होत नाही.

अशा जलमार्गाच्या काठी सोपारा, कल्याण, ठाणे, वसई ही चार बंदरे शतकानुशतके एकामागून एक, कधी एकाच वेळी, भरभराटीला आली आणि लयाला गेली. शिलाहारांचे श्रीस्थानक म्हणजे ठाणे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, तिचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला, आणि आज त्याच्या तटांआड मध्यवर्ती कारागृह आहे. लढाया किल्ल्यांसाठी झाल्या असे इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेले असते. किल्ले मात्र खाडीसाठी बांधलेले होते.

मग हा रस्ता बंद का पडला? सर्वसाधारण उत्तर असे की आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, खाडीवर पूल बांधून १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. उत्तर खरे आहे, पण अपुरे. आगगाडी केवळ वेगाने जिंकली असे मानले तर लाकूड, भात, गवत, मीठ, विटा आणि रेती ही अवजड, स्वस्त आणि कसलीही घाई नसलेली मालवाहतूक त्यानंतरही पडाव-मचव्यांतून का चालू राहिली, याचा उलगडा होत नाही. मुंबईच्या कित्येक इमारतींमध्ये या खाड्यांची रेती आहे. हातपाटीने, म्हणजे पाण्यात बुडी मारून पाटी भरून वर आणणाऱ्या माणसांच्या छातीच्या बळावर, ती काढली गेली. पुढे उपसायंत्रे आली, तेव्हा खाडीचा तळ आणि काठ दोन्ही खचू लागले, व न्यायालयांना लक्ष घालावे लागले.

आगगाडीचा खरा विजय घड्याळाचा होता. खाडीतला प्रवास भरती-ओहोटीवर चालतो आणि भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोळ्याला याचे काही वाटत नाही. त्याच्याजवळ तिथीचा हिशेब असतो: तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे, भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. हे गणित शेकडो वर्षे पुरेसे होते, कारण बाजार, मासळी आणि लग्ने तिथीवरच चालत. पण कचेरी दहा वाजता उघडते. आज अष्टमी आहे म्हणून ती बारा वाजता उघडत नाही. ज्या दिवशी ठाणे-कल्याणच्या माणसाचे पोट कचेरीच्या घड्याळाला बांधले गेले, त्या दिवशी तांडेलाचे पंचांग निरुपयोगी ठरले. डोंबिवलीसारखे कारकुनांचे आणि शिक्षकांचे शहर तर जन्मापासूनच घड्याळाचे शहर आहे. तिला खाडीची गरज कधी भासलीच नाही. खाडीकाठी राहणाऱ्या या लाखो नागरिकांचा तिच्याशी उरलेला संबंध म्हणजे वर्षातून एकदा गणपती विसर्जनाचा. आणि तोही अंधारात, गर्दीत, पाण्याकडे पाठ करून घराकडे वळण्याचा.

कोकणच्या किनाऱ्यावर ही प्रक्रिया उशिरा घडली. तेथे सलग आगगाडी १९९८ पर्यंत नव्हती आणि म्हणून आगबोट टिकली. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही नावे जुन्या पिढीला भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, बोटीच्या वेळापत्रकातून पाठ होती. बोट खोल पाण्यात उभी राही, प्रवासी ट्रंका-वळकट्यांसह पडावातून किनाऱ्याला लागत, आणि पावसाळ्याचे चार महिने सारे ठप्प असे. त्या बोटी गेल्या. त्यांच्यामागे ती लहान बंदरेही मुकी झाली. ठाणे-कल्याणच्या बंदरांवर जे दीडशे वर्षांपूर्वी गुदरले, तेच त्यांच्यावर गेल्या चार-पाच दशकांत गुदरले, एवढाच फरक.

आता पाण्याची आठवण शासनाला पुन्हा झाली आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशात एकूण १११ जलमार्ग घोषित केले. त्यात कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसईची खाडी व उल्हास नदी मिळून ५३ व्या क्रमांकाचा, १४५ किलोमीटरचा जलमार्ग आहे. डोंबिवली, कोलशेत, काल्हेर, मीरा-भाईंदर येथे धक्के बांधण्याच्या योजना झाल्या, पाहण्या झाल्या, भूमिपूजनाच्या बातम्या झाल्या. कल्याणहून वसईला जाणारी नियमित प्रवासी बोट मात्र अद्याप कोणी पाहिलेली नाही. दिरंगाई हा आपल्याकडचा नेहमीचा विषय असल्याने तेवढ्यावर बोट ठेवून थांबणे सोपे आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की हा जलमार्ग ज्या कारणासाठी मागितला जात आहे, ते कारणच चुकीचे तर नाही?

प्रत्येक भाषणात सांगितले जाते की जलवाहतुकीमुळे लोकलची गर्दी कमी होईल. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी धावत्या लोकलमधून खाली पडले, काहींनी प्राण गमावले, तेव्हाही ही मागणी पुढे आली. त्याच मुंब्र्याला रुळांपासून हाकेच्या अंतरावर खाडी आहे, हे दृश्य खरोखर मन विषण्ण करणारे आहे. पण विषाद हा हिशेबाला पर्याय नव्हे. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली असतात. शंभर उतारूंची बोट धरली तर एका गाडीची माणसे न्यायला चाळीस बोटी हव्यात, आणि सकाळी अशी गाडी दर तीन-चार मिनिटांनी सुटते. कल्याणच्या धक्क्यावर दर तीन मिनिटांना चाळीस बोटींची रांग उभी करणे कोणत्याही शासनाला शक्य नाही, आणि केलीच तरी डोंबिवलीचा प्रवासी वळसा घालणाऱ्या त्या बोटीतून दहाच्या ठोक्याला फोर्टात पोहोचणार नाही. लोकलच्या गर्दीवर उपाय अधिक गाड्या, अधिक मार्ग आणि कचेऱ्यांचे स्थलांतर हाच आहे. खाडीला त्या जबाबदारीच्या ओझ्याखाली दाबले की पहिल्या वर्षाअखेर ती 'अयशस्वी' ठरणार, आणि पुन्हा पन्नास वर्षे तिचे नाव कोणी घेणार नाही.

बोट कोठे जिंकते, याचे उत्तर वसईच्या खाडीने अलीकडेच दिले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर दरम्यान मोटारी आणि माणसे दोन्ही नेणारी रो-रो बोट सुरू झाली. पाण्यावरून साडेतीन किलोमीटर, पाऊण तासाचाही नव्हे, पाव तासाचा प्रवास. रस्त्याने तेच अंतर वळसा घालून अडतीस किलोमीटरच्या घरात. एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या बाजूला खारवाडेश्रीपर्यंत अशीच दुसरी सेवा सुरू झाली. दाभोळ-धोपावे, बाणकोट खाडीतली वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी या कोकणातल्या तरी कित्येक वर्षे याच तत्त्वावर चालत आहेत. जमीन जेथे वळसा घालते आणि पाणी सरळ जाते, तेथे बोट फायद्याची. हे अर्थशास्त्र शिकवायला महाविद्यालय लागत नाही; वसईच्या खाडीतल्या पाणजू बेटावरच्या माणसाने ते आजन्म आचरले आहे. त्याच्या डोक्यावरून पश्चिम रेल्वेचा पूल जातो आणि तो मात्र होडीतून नायगावला उतरतो.

दुसरी जागा जिथे बोट जिंकते, ती म्हणजे प्रवासाचेच सुख. हा शब्द उच्चारताना आपल्याकडे थोडी लाज वाटते. रस्ता, धरण, वीज ही विकासाची कामे. मौजेसाठी बोटीतून हिंडणे ही श्रीमंतांची चैन, अशी समजूत दृढ आहे. पण कल्याणच्या गणेश घाटावरून ओहोटीबरोबर निघालेली एखादी साधी बोट प्रवाशाला काय दाखवील, याचा नुसता नकाशावर विचार करून पाहावा. मोठागावच्या नव्या पुलाखालून गेल्यावर एका अंगाला पारसिकचे कडे आणि दुसऱ्या अंगाला भिवंडी तालुक्यातील आगरी-कोळ्यांची गावे. रेतीबंदराचा भकास, उकरलेला काठ. मग कशेळी-काल्हेरची गोदामे, जी देशभरच्या मालाने भरलेली आहेत पण त्यातले एक खोकेही पाण्यावरून येत नाही. बाळकुम-कोलशेतच्या उंच इमारती, ज्यांच्या जाहिरातीत 'खाडीचे दर्शन' विकले जाते आणि ज्यांतून खाडीवर उतरायला पायरीसुद्धा नाही. गायमुख, नागलाबंदर येथे पाणी अरुंद होते: डावीकडे येऊरचे जंगल, उजवीकडे तुंगारेश्वरच्या रांगेचे डोंगर, मध्ये तिवरांच्या भिंती. मुंबईपासून इतक्या जवळ इतके निर्जन, इतके हिरवे दुसरे स्थळ सापडणे कठीण. पुढे घोडबंदरचा किल्ला, अरबी घोडे येथे उतरत म्हणून हे नाव पडले अशी ज्याची ख्याती, भाईंदरची मिठागरे, पाणजूची झाडी, आणि शेवटी उघड्या समुद्राचा वारा अंगावर घेत वसईच्या किल्ल्याचा समुद्रदरवाजा. पाचूबंदरच्या कोळ्यांच्या होड्या तेथे आजही लागतात. तीन-चार तासांत दोन हजार वर्षांचा व्यापार डोळ्यांसमोरून सरकतो, तोही इतिहासाच्या शिक्षकाला तोंडाने फारसे काही सांगावे न लागता.

ही चैन नव्हे याचा पुरावा जगात आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १८९३ मध्ये सरकारी टपालाच्या कंत्राटावर एक आगबोट सुरू झाली. बर्गेन ते किर्केनेस या मार्गावर ती लहानमोठ्या ३४ बंदरांना लागते. टपालाचे महत्त्व गेले, विमाने आली, पण सेवा चालू राहिली, आणि जगभरचे प्रवासी ती लहान बंदरे पाहण्यासाठीच तिकीट काढतात. इंग्लंडचे कालवे कोळसा नेण्यासाठी खोदलेले. आगगाडीने ते मोडीत काढले. १९४६ मध्ये काही हौशी माणसांनी संघटना केली, स्वतः चिखलात उतरून गाळ उपसला, आणि आज तेच कालवे घरासारख्या लांबोळक्या बोटींनी गजबजलेले असतात. दूर कशाला, केरळात राज्याचे जलवाहतूक खाते १९६८ पासून आहे. भात वाहणारी केट्टुवल्लम १९९० नंतर तरंगती घरे झाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये कोचीत जलमेट्रो धावू लागली. यात एक क्रम आहे आणि तो लक्षात घेण्याजोगा आहे. केरळात माणसे पाण्यावर जाणे कधीच विसरली नव्हती. म्हणून मेट्रो आली तेव्हा तिला उतारू शिकवावे लागले नाहीत. अर्थात वेंबनाड सरोवरात तरंगत्या घरांनी केलेली घाणही त्याच केरळाची आहे, आणि येथल्या उत्साही मंडळींनी तीही पाहून यावी.

आपल्याकडेही मागणी नाही असे म्हणता येत नाही. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीहून रोहित पाहायला जाणाऱ्या बोटींत बसण्यासाठी माणसे पैसे मोजतात आणि भरतीच्या वेळेप्रमाणे आपली वेळ जुळवून घेतात. सोमवारी घड्याळाचा दास असलेला माणूस रविवारी पंचांग मानायला तयार असतो, हा केवढा मोठा शोध आहे!

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. बोट खाजगी माणूस, मच्छीमार सोसायटी किंवा महापालिका, कोणीही चालवू शकेल. धक्का मात्र शासनानेच बांधला पाहिजे. धक्क्याचा सारा खर्च आरंभीच होतो. तो बांधल्यावर आणखी एक उतारू चढल्याने खर्च जवळजवळ वाढत नाही. तो खर्च तिकिटातून वसूल करायचा ठरवले तर तिकीट इतके महाग होईल की उतारूच येणार नाहीत, आणि मग उतारू नाहीत म्हणून धक्का नको असे टिपण फायलीवर लागेल. घोडबंदर रस्त्याने नफा करून दाखवावा असे कोणी म्हणत नाही. खाडीलाच हा वेगळा न्याय का? शिवाय एका धक्क्याला उपयोग नाही, चार-पाच हवेत, कारण धक्क्याची किंमत समोरच्या धक्क्यावर अवलंबून असते. आजवर पाण्यावरचे पूल बांधताना खालून काही जायचे आहे याचा विचार क्वचितच झाला. निदान येथून पुढे पुलांची उंची ठरवणाऱ्या अभियंत्याला उधाणाच्या पाण्याची रेघ विचारावी लागावी, एवढे तरी जलमार्ग घोषित केल्याचे फलित असावे.

धोके लहान नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. भर पावसाळ्यात, भरगच्च बोट. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला चाललेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा जणांचा मृत्यू झाला. पावसाळ्यात बोट बंद, क्षमतेपेक्षा एक माणूस जास्त नाही, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट, या तीन अटींत तडजोड होता कामा नये. कोळ्यांची जाळी जेथे लागतात तेथे वेगाच्या बोटींना मज्जाव हवा; त्यांच्या लाटांनी काठ ढासळतो आणि तिवरांची मुळे उघडी पडतात. आणि पाण्याची दुर्गंधी? वालधुनीतून, नाल्यांतून, कारखान्यांतून जे काही उल्हासच्या पदरात पडते ते पाहिले तर पहिला सहलीचा प्रवासी दुर्गाडीलाच नाक धरील. हे खरे आहे, आणि त्यात एक लाभही दडलेला आहे. आज त्या घाणीविषयी मोजके पर्यावरणप्रेमी अर्ज करतात. नदी ज्यांनी कधी जवळून पाहिलीच नाही, त्या नगरपित्यांच्या मतदारांना त्या अर्जांचे सोयरसुतक नसते. तिकीट काढून बसलेले शंभर उतारू मात्र तक्रार करतील, आणि तिकीट काढलेल्या माणसाची तक्रार करण्याची तयारी जगजाहीर आहे.

आरंभ लहान असावा. कल्याणहून भरती असताना निघून ओहोटीबरोबर वसईला उतरायचे, तर तिथी दशमी ते त्रयोदशीच्या दरम्यानची बरी. समुद्रावरची भरती त्या दिवसांत साडेसात ते पावणेदहाच्या सुमारास येते आणि कल्याणपर्यंत पोहोचायला तिला आणखी थोडा अवधी लागतो. अशा तिथीचा रविवार महिन्यातून सरासरी एकच सापडेल. कार्तिकापासून वैशाखापर्यंत मिळून सात-आठ रविवार. तेवढ्या सात-आठ फेऱ्या महापालिकांनी आधी वर्षभर जाहीर कराव्यात, भरतीच्या वेळेसह शाळांच्या आणि रेल्वेच्या फलकांवर लावाव्यात. परतीची बोट ठेवण्याचेही कारण नाही. वसईच्या किल्ल्यापासून स्टेशनला रिक्षा आणि बस आहेत, आणि वसई रोडहून दिव्याला जाणारी गाडी कामण, खारबाव, भिवंडी करीत कोपरला थांबते. गाड्या थोड्या आहेत; वेळ पाहून निघावे लागेल.